वळणावर कोणी उतरायचं

वखारीत बटाटे आणायला गेलं की मावशीला भिंतीवरचे आकडे दिसायचेच. दाराशी एक जुना वजनकाटा होता, माणूस उभा राहील एवढा, आणि त्याच्या शेजारी भिंतीवर खडूने लिहिलेली यादी: कोण किती किलोचा. सगळ्यात वर तिच्या नवऱ्याचा आकडा, त्र्याण्णव. त्याच्या खाली साहेबांचा, ब्याण्णव. नवऱ्याला जाऊन सहा वर्षं झाली तरी तो आकडा कोणी पुसला नव्हता. मावशीला वाटायचं, पुसायला कोणाचा हात धजत नसेल. माणसं दिसतात तेवढी वाईट नसतात, असंही तिला वाटायचं. या सगळ्या प्रकरणात तिची सगळ्यात मोठी चूक कुठली, असं कोणी विचारलं तर मी हीच सांगेन.

तळ म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी पत्र्याच्या पाच खोल्या, एक शेड, एक वखार आणि एक स्वयंपाकघर. वर शिखरावर टॉवर. टॉवरला जनरेटर, जनरेटरला डिझेल, आणि डिझेल वर पोचवायला दहा-अकरा पुरुष. त्यांना रांधून घालायला मावशी. तोंडावर मावशी, पाठीमागे पिंप. पाठीमागे म्हणजे अगदी चार हातांवर, तिला नीट ऐकू जाईल अशा बेताने.

नवरा होता तेव्हा ही थट्टा दोघांवर मिळून व्हायची. तोही तसाच, भरलेल्या पोत्यासारखा. टॉवरवर चढून तारा ओढायचं काम करायचा आणि एवढं धूड घेऊन वर कसा जातो याचं सगळ्यांना नवल वाटायचं. मावशीला त्याला खाऊ घालण्याचा सोस होता. दुसरी एखादी बाई दागिन्यांवरून हात फिरवेल तशी ती त्याच्या पाठीवरून हात फिरवायची. ही सगळी माझ्या हाताची कमाई, म्हणायची. रोज सकाळी तीन पुडांचा डबा भरून द्यायची, लोण्यात घोळलेले बटाटे, भात, कालवण, आणि तो डबा कोटाच्या आत, छातीशी धरून तो वर जायचा.

एका हिवाळ्यात तो परत आला नाही. साहेब स्वतः दारात आले, टोपी काढून म्हणाले, "वादळात रस्ता चुकला. आम्ही खूप शोधलं, सकाळी देहच हाती लागला." पुढच्याच आठवड्यात त्यांनी तिला स्वयंपाकघरातलं काम दिलं. ही त्यांची मेहरबानी सगळ्या तळाने पाहिली, आणि मावशी विसरू नये म्हणून साहेब अधूनमधून आठवणही करून द्यायचे.

मावशी रडली थोडी आणि रागावली जास्त. ज्या वाटेने माणूस अकरा वर्षं गेला, आला, ती वाट त्याला सापडू नये? रोज सकाळी शेगडी पेटवताना ती मेलेल्या नवऱ्याला झापायची. "गाढवा, नाकासमोरची वाट दिसली नाही तुला. माझ्या जन्माचं वाटोळं करून बसलास." सहा वर्षं हा नेम चुकला नाही. एकदा वर जाऊन ती जागा बघायची, नेमका कुठे चुकला ते बघायचं, एवढी एकच इच्छा तिच्या मनात ठाण मांडून बसली होती. पण तिच्या गुडघ्यांना वखारीचा उंबरठाही जड जायचा. आणि चढाची जुनी गाडी त्याच हिवाळ्यानंतर भंगारात गेली होती. तेव्हापासून उन्हाळ्यात माणसं पाठीवरून डिझेल न्यायची आणि हिवाळ्यात टॉवर बंद राहायचा.

मग वरच्या कचेरीचा हुकूम आला की यंदापासून टॉवर हिवाळ्यातही चालू ठेवायचा, गाडी घ्या. गाडी म्हणजे ती चार जाड टायरांची, चिखल, दगड, बर्फ कशालाच न जुमानणारी. कागदावर तिला एटीव्ही म्हणतात, तळावर नुसतं 'चढाची गाडी'. विकणारा माणूस ट्रकमध्ये तीन गाड्या घालून आला: लाल, हिरवी आणि पांढरी. तीन दिवस, तीन गाड्या, हव्या तशा चालवून बघा म्हणाला. त्याची जीभ त्याच्या गाड्यांपेक्षा पळायची. चिखलाला खोल नक्षीचे टायर, पायवाटेला अरुंद अंग, बर्फाला टायरमधली हवा कमी आणि चारही चाकांना ताकद, हे त्याने दारातल्या कुत्र्यालासुद्धा समजावून सांगितलं.

चाचणी म्हणजे भरल्या वजनाने. डिझेलचे कॅन होतेच, पण मागच्या बाकावर माणसाचं वजन हवं होतं, आणि धक्के खायला कोण पुढे येणार?

साहेब स्वयंपाकघराकडे बघून म्हणाले, "मावशी आहेत की! वाळूची दोन पोती वाचतील."

हसून हसून माणसांची पुरेवाट झाली. तिला काट्यावर उभं केलं. नवीन आलेला जनरेटरवाला, तोही अंगाने चांगला गरगरीत, त्यालाही चढवलं, साहेबही चढले. गाड्या चालवणाऱ्या मिस्त्रीने जुन्या यादीखाली खडूने नवी मांडली: मावशी अठ्ठ्याण्णव, जनरेटरवाला शहाण्णव, साहेब चौऱ्याण्णव. आपला आकडा जनरेटरवाल्याच्या खाली आलेला बघून साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "तू आलास ते बरं झालं गड्या." तेव्हा मावशीला वाटलं, साहेब माणसांची कदर करतात.

तिने 'नाही' म्हटलं नाही. तिला कळलं होतं की शेवटची चाचणी बर्फात आहे, म्हणजे वरच्या वाटेवर. पोतं म्हणा, पिंप म्हणा, तिला वर जायचं होतं.

पहिल्या दिवशी लाल गाडी ओढ्याकाठच्या चिखलात घातली. शर्यतीची गाडी ती, हलकी, आवाज मोठा, ताकद नुसती मागच्या दोन चाकांना. चिखलाच्या मधोमध मागची चाकं जागीच फिरायला लागली आणि बाक एका अंगाला कलला. मावशी तोंडावर पडली. नाकातोंडात चिखल गेला. तिला उचलायला आधी कोणी आलं नाही, कारण सगळ्यांचे हात फोटो काढण्यात गुंतले होते. शेवटी मिस्त्री आला. तो अठ्ठावन्न किलोचा, नुसती हाडं. त्याने हात दिला आणि तोच तिच्यावर पडायचा राहिला. मग आणखी हसणं झालं.

दुसऱ्या दिवशी हिरवी. दिसायला अगदीच साधी, पण पायवाटेवर ती शहाण्या म्हशीसारखी चालली. दगड आला की चाक सावकाश वर, सावकाश खाली. उतारावर ब्रेक न दाबताही इंजिन तिला मागे धरून ठेवायचं. मिस्त्री चालवत होता, मावशी मागे. अर्ध्या चढापर्यंत जाऊन आले तरी मावशीच्या पोटातलं पाणी हललं नाही. वर वारा होता म्हणून पुढे गेले नाहीत.

"झालं तर मग," साहेब म्हणाले. "हिरवी घेऊन टाकू. उद्या कशाला उगाच वर जायचं?"

मिस्त्री टायर तपासत होता. त्याने नेहमीच्या सवयीने विचारलं, "मावशी, मागे कसं वाटलं? मागे बसलेल्याला जे कळतं ते चालवणाऱ्याला नाही कळत."

मावशी जन्मात पहिल्यांदा ठरवून खोटं बोलली. "कंबर मोडली हो. आणि उजवीकडे कलते. मी तर दोनदा पडता पडता राहिले."

मिस्त्री चक्रावला. पुन्हा चाकाकडे बघत बसला. साहेब कुरकुरले, पण पांढऱ्या गाडीचा बाक गादीचा होता, पुढे काच होती, हँडल गरम होत होतं, आणि ती एकदा चालवून बघायची हौस त्यांनाही होतीच. "ठीक आहे. उद्या पांढरी. मी पण येतो."

तिसऱ्या दिवशी ऊन पडलं होतं. पुढे मिस्त्री, मागच्या बाकावर साहेब आणि मावशी, शेपटीला डिझेलचे कॅन. पांढरी गाडी दिमाखदार, पण अंगाने फार जड. बर्फ लागल्यावर ती त्यावरून न जाता त्यात रुतत चालली. मावशीचं तिकडे लक्ष नव्हतं. ती फक्त वाट बघत होती, उजवीकडे, डावीकडे, कुठे फाटा फुटतोय का, कुठे माणूस फसेल. फाटा येत नव्हता. एका बाजूला उभा खडक, दुसऱ्या बाजूला दरी, मध्ये एक गाडी जाईल एवढी पट्टी.

एका मोठ्या वळणावर गाडी थांबली आणि मागे सरकायला लागली. मिस्त्रीने पुन्हा रेटलं, पुन्हा सरकली.

"मावशी, उतरा," साहेब म्हणाले. बसल्या जागेवरून, सहज. "वजन कमी करायला हवं. या मागून चालत चाकोरीतून, नाही तर इथेच थांबा."

ती उतरली. गाडी जागची हलली, वळली आणि दिसेनाशी झाली. आवाज दूर गेला, मग तोही नाही. मावशी खडकाला टेकून उभी राहिली. वर बघितलं, खाली बघितलं. वाट एकच होती. आंधळ्याला दिली तरी तो खडकाला हात लावून घरी पोचेल अशी. सहा वर्षं ज्याला ती गाढव म्हणत होती, तो या वाटेवर चुकणार कुठे आणि कसा, हे तिला काही केल्या कळेना.

तासाभराने मिस्त्री एकटाच गाडी घेऊन खाली आला. साहेब वर फोनवर कचेरीशी बोलत बसले होते.

"चला वर. टॉवर बघा तरी."

"मिस्त्री, आमचे हे कुठल्या वाटेने चुकले?"

मिस्त्रीने इंजिन बंद केलं. हातमोजे काढले, पुन्हा घातले. "मावशी, वाट एकच आहे."

"ते दिसतंय मला. म्हणून तर विचारतेय."

मग तो बोलायला लागला. खरं तर त्यालाच कोणीतरी विचारायला हवं होतं.

"त्या दिवशीही आम्ही तिघंच होतो. मी चालवायला, मागे साहेब आणि ते. इथेच गाडी सरकायला लागली. नियम आहे ना आपला, काट्यावर जो जास्त तो उतरणार. रोज निघताना त्यासाठीच तर वजन करायचो."

"त्र्याण्णव," मावशी म्हणाली.

"साहेब ब्याण्णव. एका किलोने." तो थांबला. "आणि तो एक किलोसुद्धा तुमच्या मालकांचा नव्हता. डबा होता कोटात. मी म्हटलं, डबा काढून काट्यावर चढा, आकडा खरा येईल. तर म्हणाले, राहू दे, बाहेर काढला की गार होईल. बायकोने गरम दिलाय."

मावशीने खडकाला हात टेकला.

"वर पोचलो आणि वारा सुटला. मी म्हटलं, जाऊन घेऊन येतो. साहेब म्हणाले, गाडी खाली गेली आणि वर आली नाही तर आपण अडकू. येईल चालत. अंगावर चरबी आहे, त्याला थंडी वाजायची नाही. आणि दार लावून घेतलं."

"आणि तुम्ही?"

"मी आत होतो."

मग मिस्त्रीनेच उरलेलं सांगून टाकलं. "सकाळी सापडले. तुम्ही टेकलाय ना, त्याच खडकाला टेकून बसले होते. डबा कोटातच. उघडायला बोटं चालली नसणार."

"सहा वर्षं माझ्या हातचं जेवलात," मावशी म्हणाली. "एकदा सांगितलं नाहीत?"

"तुम्ही विचारलंच नाहीत, मावशी."

हे खरं होतं, आणि सगळ्यात जास्त तेच लागलं. तिने विचारलं नव्हतं. साहेबांनी टोपी काढली आणि तिने मान हलवली. त्यांनी नोकरी दिली आणि तिने हात जोडले. आणि ज्याने तिचा डबा गार होऊ नये म्हणून जीव घालवला, त्याला रोज सकाळी शेगडीसमोर उभं करून शिव्या घातल्या. तिला रडू आलं नाही. लाज वाटली, इतकी की मिस्त्रीकडे बघवेना.

"वर येता?"

"नको. बघायचं होतं ते बघितलं."

चौथ्या दिवशी विकणारा परत निघाला. जेवायला सगळे लांब टेबलाभोवती बसले होते. मिस्त्री म्हणत होता हिरवीच घ्या, पांढरी बर्फात बसते, भरल्या वजनाने त्या वळणावर दर वेळी सरकणार. साहेबांचा जीव गरम हँडलात अडकला होता. पण मिस्त्री म्हणतो म्हणजे काहीतरी असेल, असंही त्यांना वाटत होतं. शेवटी त्यांनी ताटावरून मान वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "पोत्यालाच विचारू या. बोला मावशी, बसून बघितलंय तुम्ही. कुठली घ्यायची?"

हशा झाला. मावशी पळी हातात धरून उभी होती. खरं काय ते तिला चांगलं ठाऊक होतं. एक शब्द पुरे होता.

"पांढरी," ती म्हणाली. "बाक चांगला आहे, साहेब. तुम्हाला शोभते."

लाल आणि हिरवी ट्रकवर चढल्या. संध्याकाळी मिस्त्री ताट धुवायला स्वयंपाकघरात आला आणि तिथेच घुटमळला.

"मावशी, हिरवी चांगली होती ना?"

"होती."

"मग?"

"मिस्त्री, तुमचं वजन किती हो?"

"अठ्ठावन्न."

"मग तुम्ही कशाला काळजी करता," मावशी म्हणाली आणि भांडी पालथी घालायला लागली.

त्यानंतरचे अडीच महिने तळावर जेवणाची चंगळ होती, निदान साहेबांची. बटाट्यांवर लोणी, भातावर लोणी, आणि साहेबांचं ताट रिकामं दिसलं की मावशी पळी घेऊन हजर. "हात सुधारला हो तुमचा," साहेब म्हणायचे आणि पट्टा एक भोक सैल करायचे. जनरेटरवाल्याचं मात्र हळूहळू कमी केलं. त्याच्या कालवणात पाणी जास्त, भाताची ढेप लहान. तो बिचारा गरीब माणूस, मागायला लाजायचा. त्याचे हाल झाले हे खरंच आहे. मावशीला ते दिसत होतं आणि तरी तिने हात आखडता घेतला. ती काही देवमाणूस नव्हती, आणि आता तर तिला तसं दिसायचीही गरज उरली नव्हती.

शेगडीसमोर ती अजूनही नवऱ्याशी बोलायची. आता झापत नव्हती. आज साहेब किती जेवले ते सांगायची.

मग तळापर्यंत बर्फ पडला. कचेरीतून फोन आला की वरचा जनरेटर बंद पडलाय, आजच जा. आकाश शिशासारखं झालं होतं आणि वाऱ्याने शेडचा पत्रा वाजायला लागला होता. पांढरी गाडी वखारीसमोर उभी केली. मिस्त्री खडू घेऊन काट्याशी बसला. जनरेटरवाला चढला. मिस्त्रीने लिहिलं: त्र्याण्णव.

साहेब कोटाची बटणं लावत होते, शेवटचं बटण लागत नव्हतं, आणि त्यावर स्वतःच हसत होते. एवढ्यात मावशी स्वयंपाकघरातून लगालगा आली. एवढी भराभर चालताना तिला कोणी कधी पाहिलं नव्हतं. हातात तीन पुडांचा डबा, गच्च भरलेला, झाकणाच्या कडेतून वाफ निघत होती.

"साहेब, डबा. लोण्यातले बटाटे आहेत."

"वा! ठेवा तिकडे, गाडीत."

"गाडीत नको. कोटात ठेवा, छातीशी. बाहेर राहिला की गार होईल."

मिस्त्रीने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. काटा त्याच्या समोर होता आणि तोंडही त्याचंच होतं, त्याला बोलता आलं असतं. "डबा काढून चढा," एवढं तो एकदा बोलला होता. या वेळी तो काही बोलला नाही.

साहेबांनी डबा कोटात सरकवला, वरून दोनदा थोपटला, "काय ऊब आहे," म्हणाले आणि काट्यावर चढले. काटा डुगडुगला आणि थांबला. मिस्त्रीने जनरेटरवाल्याच्या वर थोडी जागा सोडली होती. तिथे त्याने लिहिलं: साहेब, सत्त्याण्णव.

"चला," साहेब म्हणाले. आकड्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

गाडी वाटेला लागली. मावशी ती पहिल्या चढाआड जाईपर्यंत उभी होती. मग वखारीत गेली, पदराच्या टोकाने जुन्या यादीतला त्र्याण्णव पुसला आणि रात्रीच्या भाजीला बटाटे मोजून घेतले, एका माणसाचे कमी.